चार लाख व्होल्टची दोन सेंटिमीटर ठिणगी

सुटे इलेक्ट्रॉनिक भाग विकणाऱ्या साइटवर अंगठ्याएवढं एक काळं मोड्यूल हमखास दिसतं. एका बाजूने दोन वायरी, दुसऱ्या बाजूने दोन. वर्णनात लिहिलेलं असतं: इनपुट ३.६ ते ६ व्होल्ट, आउटपुट ४,००,००० व्होल्ट. सेल जोडून दुसऱ्या बाजूच्या वायरींची टोकं जवळ आणली की खरंच तडतडत जांभळी ठिणगी पडते. व्हिडिओ बनवणारा ती कागदातून काढतो, एखादा महाभाग बोटावरही घेऊन दाखवतो. पाहणारा चक्रावतो. चार लाख व्होल्ट अंगावर घेऊन हा उभा कसा? आणि घरातल्या प्लगमध्ये त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढेही व्होल्ट नसताना तिथे माणूस मरतो कसा?

ठिणगीची लांबी व्होल्टेज सांगते. ती अंगावर आली तर काय होईल हे सांगत नाही. घरी ठिणग्यांचे प्रयोग करणाऱ्याने एवढं एक पक्कं धरलं तर कशाला हात लावायचा आणि कशाच्या वाटेला जायचं नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

हवा फुटते म्हणजे काय

हवा वीज वाहू देत नाही, कारण तिच्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. जवळजवळ म्हणजे अगदीच नाहीत असं नाही. अवकाशातून येणारे किरण आणि जमिनीतली किरणोत्सर्गी द्रव्यं एखाददुसरा इलेक्ट्रॉन सतत सुटा करत असतात. दोन धातूंमध्ये व्होल्टेज लावलं की हा सुटा इलेक्ट्रॉन एका बाजूला ओढला जातो, वाटेत हवेच्या रेणूंवर आपटतो. ओढ कमी असेल तर नुसता आपटत-रखडत जातो. ओढ पुरेशी असेल तर आपटताना रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार. वीस वेळा दुप्पट झाले की दहा लाखांच्या वर. डोंगरावरून एक दगड सुटावा आणि खाली येईतो दरड व्हावी, तसं हे एका सेकंदाच्या अगदी लहान अंशात घडतं. तयार झालेल्या वाटेतून प्रवाह धावतो, वाट काही हजार अंश तापते, हवा एकदम फुगते. तो ‘टक्’ आवाज या फुगण्याचा. जांभळा रंग मुख्यतः नायट्रोजनचा.

गुळगुळीत, समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये हवा दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्टला फुटते. हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी वापरला जातो, त्याकडे येतोच. त्याआधी एक गंमत. अंतर कमी करत नेलं तर लागणारं व्होल्टेज कमी होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेसाठी ही खालची हद्द सुमारे ३३० व्होल्टची आहे. त्याखाली दोन स्थिर टोकांमधून हवेत ठिणगी उडी मारत नाही, अंतर कितीही कमी करा. (स्विच बंद करताना दिसते ती ठिणगी वेगळी. तिथे वाहता प्रवाह तोडला जात असतो.)

फूटपट्टीने व्होल्ट मोजणं

टोकदार वस्तूपाशी विद्युत क्षेत्र एकवटतं, म्हणून टोकापाशी हवा लवकर फुटते आणि ठिणगी लांब पडते. १० किलोव्होल्ट, म्हणजे १०,००० व्होल्ट, अडीच सेंटिमीटर व्यासाच्या दोन गुळगुळीत गोळ्यांमध्ये २.७ मि.मी. उडी मारतात. तेच दोन सुयांच्या टोकांमध्ये साडेआठ मि.मी. २० किलोव्होल्टला गोळ्यांमध्ये सुमारे ५.८ मि.मी., सुयांमध्ये साडेसतरा.

आता त्या काळ्या मोड्यूलकडे वळू. वायरीची कापलेली टोकं म्हणजे सुयाच. ठिणगी फार तर २० मि.मी. म्हणजे व्होल्टेज २२–२३ हजारांच्या आसपास. खरे चार लाख असते तर गोळ्यांमध्येसुद्धा तेरा सेंटिमीटरच्या वर ठिणगी गेली असती, सुयांमध्ये त्याच्या कितीतरी पुढे. अंगठ्याएवढ्या मोड्यूलच्या आतच ती फुटली असती हे वेगळं सांगायला नको. डब्यावरचा आकडा अठरापट फुगवलेला आहे.

स्वतःच्या साधनाचं व्होल्टेज मोजायचं असेल तर हीच पद्धत. साध्या मल्टिमीटरची हद्द ६०० ते १,००० व्होल्ट असते, तो ठिणगीच्या सर्किटला लावला की मीटर जातो, आणि हातात धरला असेल तर एवढ्यावर भागत नाही. दोन गुळगुळीत पोलादी गोळ्या किंवा गोल डोक्याची हँडल घ्या, वीज बंद ठेवून अंतर बसवा, लांबून सुरू करा, ठिणगी पडली का पाहा, बंद करा, अंतर अर्धा मि.मी. वाढवा. जिथे पडायची थांबते तिथे आकडा मिळाला. गोळ्या पुसून स्वच्छ हव्यात. धुळीचा एक कण सुईचं काम करतो आणि मोजमाप बिघडवतो.

लांबी एकीकडे, तडाखा दुसरीकडे

कोरड्या हवेत गालिच्यावरून चालून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. त्या क्षणी अंगावर सहज १० किलोव्होल्ट असू शकतात. पण माणसाचं शरीर वीज साठवणारं भांडं म्हणून फारच लहान. असं साठवणारं भांडं म्हणजे कपॅसिटर, आणि त्याचं माप फॅरड. शरीराचं माप सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे एका फॅरडचा दहा अब्जावा भाग. साठलेली ऊर्जा काढायचं सूत्र: अर्धा × कपॅसिटरचं माप × व्होल्टचा वर्ग. उत्तर येतं ५ मिलीज्यूल. चटका बसण्यापुरतं.

आता फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर घ्या. १२० मायक्रोफॅरड, ३०० व्होल्ट. पाशेनच्या हद्दीखाली असल्यामुळे हवेतून उडी शून्य. समोर ठेवला तर मेलेला वाटेल. ऊर्जा मात्र ५.४ ज्यूल, दाराच्या मुठीच्या हजारपट. स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन टोकं जोडली तर टोकाचा धातू वितळून उडतो. हातातून गेला तर आयुष्यभर लक्षात राहतो, आणि छातीतून गेला तर लक्षात ठेवायला माणूस राहीलच असं नाही. ढोबळ हिशेब असा: पाव ज्यूलपासून धक्का जबर असतो, दहा ज्यूलच्या पुढे जिवाला धोका धरून चालायचं.

सतत वाहणाऱ्या विजेचा हिशेब वेगळा, तिथे प्रवाह म्हणजे करंट पाहायचा. घरगुती विजेच्या फ्रिक्वेन्सीला अर्धा मिलिअँपिअर जाणवतो, दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटत नाही, तीसच्या पुढे काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर या सगळ्यात वाईट. त्याचं व्होल्टेज ‘फक्त’ २,००० च्या आसपास. ठिणगी मिलिमीटरभर जेमतेम उडी मारते, म्हणून नवख्याला तो त्या काळ्या मोड्यूलपेक्षा गरीब वाटतो. पण तो शेकडो मिलिअँपिअर देतो, थांबत नाही, आणि मारायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी काढण्यासाठी लोक हा ट्रान्सफॉर्मर वापरतात, आणि त्यात अनुभवी सुतारकाम करणारेही जागच्या जागी गेलेले आहेत. भंगारातला मायक्रोवेव्ह उघडायचा मोह सोडा. माझ्या मते या छंदात ‘जपून करा’ म्हणण्यासारख्या पुष्कळ गोष्टी आहेत, ही त्यातली नाही. ही करूच नका.

थोड्या व्होल्टचे हजारो कसे होतात

घरगुती साधनांत तीन युक्त्या फिरून फिरून दिसतात.

पहिली, वाहता प्रवाह एकदम तोडणं. गुंडाळीतून, म्हणजे कॉइलमधून वाहणाऱ्या प्रवाहाला पाण्याच्या लांब पाइपातल्या पाण्यासारखा जोर असतो. नळ झटक्यात बंद केला की पाइप दणकतो, तसं प्रवाह तोडला की व्होल्टेज उसळतं. गाडीची इग्निशन कॉइल हेच करते. जुन्या डबा पद्धतीच्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे वीज जिच्यात सोडतात त्या गुंडाळीचा, रोध साधारण ३ ओहम. १२ व्होल्टवर तीन-चार मिलिसेकंद चालू ठेवली की ३ अँपिअरच्या आसपास प्रवाह चढतो, तोडला की प्रायमरीवर ३००–४०० व्होल्टची उसळी येते आणि आतली १:१०० ची गुंडाळी तिचे तीस-चाळीस हजार करते. एका ठिणगीत ३०–५० मिलीज्यूल. ५५५ टायमरच्या आयसीने सेकंदाला पन्नासएक ठोके देऊन ती चालवता येते. प्रवाह तोडायला सर्वसाधारण मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) लावला तर तो इथे पहिल्या मिनिटात जळतो, कारण ४०० व्होल्टची उसळी त्याला झेपत नाही. गाड्यांसाठीच बनवलेला, आतच व्होल्टेज रोखणारा इग्निशन आयजीबीटी (हाही ट्रान्झिस्टरचाच प्रकार) लावा. आणि ठिणगीचं अंतर कधीही १५ मि.मी.च्या वर नेऊ नका. बाहेर वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून स्वतःची वाट काढतं. एकदा आत फुटलेली कॉइल पुन्हा कधीच पूर्वीची ठिणगी देत नाही.

दुसरी युक्ती एर्विन मार्क्सची, १९२४ ची. कपॅसिटर शेजारी-शेजारी, समांतर जोडून भरायचे आणि ठिणग्यांच्या फटींमधून एकापाठोपाठ एक, साखळीत रिकामे करायचे. एक नॅनोफॅरडचे दहा कपॅसिटर ५ किलोव्होल्टला भरले तर साखळीत ५० किलोव्होल्ट, एकूण ऊर्जा सव्वाशे मिलीज्यूल. यातली खुबी फटींच्या मांडणीत आहे. सगळ्या फटी एका रेषेत, एकमेकींना ‘दिसतील’ अशा ठेवायच्या. पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश पुढच्या फटींमध्ये इलेक्ट्रॉन सुटे करतो आणि त्या तत्काळ फुटतात. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी आली की दहापैकी चारच फटी पेटतात आणि बनवणारा कपॅसिटर तपासत बसतो.

तिसरी युक्ती झोपाळ्याची. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये जी कॉइल मांडली ती हीच. जड झोपाळा एका धक्क्यात छतापर्यंत जात नाही, पण त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलं तर उंच चढतो. कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी अशीच एका ठरावीक लयीत झुलते. प्रायमरीची लय आणि सेकंडरीची, म्हणजे जिच्यातून चढलेलं व्होल्टेज बाहेर पडतं त्या गुंडाळीची, लय जुळली की ऊर्जा एकीकडून दुसरीकडे जाते. फेऱ्यांच्या गुणोत्तरावर टेस्ला कॉइलचं व्होल्टेज ठरतं हा समज चुकीचा आहे. १० नॅनोफॅरड, १० किलोव्होल्ट म्हणजे अर्धा ज्यूल. तो सगळाच्या सगळा २० पिकोफॅरडच्या सेकंडरीत उतरला तर व्होल्टेज ५०० च्या वर्गमूळाएवढं, म्हणजे साधारण बावीसपट होऊन सव्वादोन लाखांच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात वाटेत बरंच गळतं. लय जुळलेली नसेल तर जवळजवळ काहीच चढत नाही, मग फेरे दोन हजार घाला नाहीतर पाच हजार.

पहिली कॉइल: ९ व्होल्ट, एक ट्रान्झिस्टर

सुरुवात छोट्या टेस्ला कॉइलने करावी. हिला छंदातले लोक ‘स्लेयर एक्सायटर’ म्हणतात. इथे मेन्सची, म्हणजे घरातल्या प्लगची वीज नाही, मोठा कपॅसिटर नाही.

लागणारं सामान: २५ मि.मी. बाहेरच्या व्यासाची प्लॅस्टिकची नळी, दहा-बारा सें.मी. लांब. ०.२ मि.मी.ची इनॅमलची तांब्याची तार, २५ मीटर. जाड, इन्सुलेशन असलेली वायर अर्धा मीटर. २एन२२२२ए ट्रान्झिस्टर, २२ किलोओहमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी, आणि कसोटीला एक लहान ट्यूबलाइट किंवा सीएफएल. गेलेली असली तरी चालेल, काच मात्र शाबूत हवी.

नळीवर तारेचे ३०० फेरे एकाच थरात, एकमेकाला चिकटून घ्यायचे. ते साधारण ७० मि.मी. जागा घेतात. नळीचं टोक चिकटपट्टीने अडवून सुरुवात करा आणि दर पन्नास फेऱ्यांना थोडी पट्टी लावा. हात सुटला तर शेवटचेच फेरे उलगडतील, सगळे नाहीत. एक फेरा दुसऱ्यावर चढला तर तिथपर्यंत उलगडून परत घ्या. शेजारच्या दोन फेऱ्यांत व्होल्टेजचा फरक थोडा असतो, पण चढलेला फेरा दहा-वीस फेरे ओलांडून बसला असेल तर तिथला फरक इनॅमलला जड जातो. गुंडाळी पूर्ण झाल्यावर वार्निशचा एक पातळ हात.

ही झाली सेकंडरी. तिच्या तळाशी, तिच्यापासून अर्धा सें.मी. सुटे, जाड वायरचे तीन-चार फेरे ही प्रायमरी. जोडणी अशी (कलेक्टर, एमिटर आणि बेस हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय): बॅटरीचा धन प्रायमरीच्या एका टोकाला, प्रायमरीचं दुसरं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या ऋणाला. रेझिस्टर धनापासून बेसला. सेकंडरीचं खालचं टोक बेसला. एलईडीचा आखूड पाय बेसला, लांब पाय ऋणाला. सेकंडरीचं वरचं टोक मोकळं, वर उभं.

झोपाळ्याची लय इथे कुणाला जुळवावी लागत नाही. सेकंडरी स्वतःच बेसला खुणावते, ‘आता ढकल’. ट्रान्झिस्टर तेव्हाच प्रायमरीतून धक्का देतो. एवढ्या मापांची कॉइल साधारण तीन-चार मेगाहर्ट्‌झला झुलते. झुलताना बेस प्रत्येक फेरीत ऋणाच्याही खाली ओढला जातो, तो एलईडीतून सावरतो. म्हणून एलईडी पेटला याचा अर्थ कॉइल चालते आहे. ट्यूब पाच सें.मी. अंतरावर आणली की वायर न जोडता उजळते. ठिणगी जेमतेम दिसेल, तीही अंधारात, वरच्या टोकाजवळ धातू नेल्यावर. ९ व्होल्टला याहून जास्त अपेक्षा धरू नये.

चालली नाही तर बहुतेक वेळा कारण या तिनांपैकी एक. सेकंडरीच्या टोकाचं इनॅमल नीट खरवडलेलं नसतं. तार चकचकीत दिसते, सोल्डरही वरवर चिकटतं, पण आत संपर्क शून्य. पॉलिश पेपरने सगळीकडून घासा, तांब्याचा फिका गुलाबी रंग दिसेपर्यंत, मग बॅटरी काढून मल्टिमीटरने टोक ते टोक तपासा. १३–१४ ओहमच्या आसपास यायला हवं. दुसरं, प्रायमरीची दिशा. ट्रान्झिस्टर तापतो पण एलईडी पेटत नाही, असं झालं तर प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. उलट दिशेने ढकललेला झोपाळा थांबतो. तिसरं, बॅटरी. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी थोड्या मिनिटांत दमते.

एलईडीऐवजी डायोड लावायचा तर १एन४१४८ लावा. हाताशी असतो म्हणून अनेक जण १एन४००७ लावतात. तो मेन्सच्या संथ विजेसाठी आहे, मेगाहर्ट्‌झच्या वेगाला त्याची उघडझाप पुरत नाही.

पुढची पायरी म्हणून लोक थेट मोठा ट्रान्झिस्टर बसवतात, उदाहरणार्थ टीआयपी३१, आणि आधी चालणारी कॉइल मुकी होते. त्याची मजल ३ मेगाहर्ट्‌झला संपते, तुमची कॉइल त्याच्याही पुढे झुलते आहे. ट्रान्झिस्टर मोठा केला तर कॉइलही मोठी, म्हणजे संथ हवी. ५० मि.मी.ची नळी, त्याच तारेचे ७०० फेरे, वर गुळगुळीत धातूचा लहान गोळा. ही सातशे-आठशे किलोहर्ट्‌झला येते. १२ व्होल्ट, बेसचा रेझिस्टर १० किलोओहम आणि ट्रान्झिस्टरला हीट सिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा. हीट सिंक इथे सजावटीला नाही.

शिडी चढणारी ठिणगी

दोन उभ्या सळया, खाली जवळ, वर फाकलेल्या, आणि त्यांच्यामधून गुणगुणत वर चढणारी ज्योत. हिला जेकब्स लॅडर म्हणतात. ठिणगी खाली पडते कारण तिथे अंतर सर्वांत कमी. एकदा पडली की तिची वाट तापलेली आणि वीजवाहक असते, तापलेली हवा वर जाते आणि वाटेला सोबत नेते. वर अंतर वाढलं तरी तयार वाट कमी व्होल्टमध्ये टिकते. ताणता ताणता तुटते, आणि खाली नवी पडते.

इग्निशन कॉइलवर ही शिडी का चढत नाही, हे आता ओळखता येईल. तिथे प्रत्येक ठिणगी सुटी. पुढची येईपर्यंत वाट बरीचशी विझलेली, म्हणून प्रत्येक जण पुन्हा सर्वांत अरुंद जागी पडतो. शिडीला न थांबणारा प्रवाह लागतो. रूढ साधन म्हणजे निऑन पाट्यांचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, ९ ते १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअर. त्याच्या गाभ्यातच प्रवाह रोखण्याची सोय असते, म्हणून टोकं जोडली गेली तरी तो जळत नाही. पण ३० मिलिअँपिअर हा आकडा वर येऊन गेला आहे. ही शिडी पूर्ण बंद ॲक्रिलिकच्या पेटीत, झाकण उघडताच वीज तोडणाऱ्या स्विचसकट, आणि अशा कामाचा सराव असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच. इलेक्ट्रॉनिक निऑन सप्लाय आणला तर शिडी क्षणभर चालून बंद पडते. त्यातलं सुरक्षा सर्किट अर्थमधून गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडतं. ते ‘बायपास’ कसं करावं याचे सल्ले मिळतात, घेऊ नका.

‘हाय फ्रिक्वेन्सीचा शॉक लागत नाही म्हणतात’

कारण सांगितलं जातं की जलद वीज कातडीवरूनच वाहते. तांब्यात हे खरं आहे. ५०० किलोहर्ट्‌झला ती वरच्या ०.१ मि.मी. थरातूनच जाते. माणसाच्या शरीरासाठी तोच हिशेब केला तर खोली सुमारे एक मीटर येते, म्हणजे शरीराच्या जाडीहून जास्त. वीज आतूनच जाते. फरक इतकाच की शंभर किलोहर्ट्‌झच्या पुढे नसा तिला ओळखत नाहीत, म्हणून धक्का जाणवत नाही. जळणं मात्र चालू राहतं. बोटावर पांढरा ठिपका पडतो, दुखायला नंतर लागतो. आणि मोठ्या टेस्ला कॉइलमध्ये वरची ठिणगी खाली प्रायमरीवर पडली, तर त्याच तापलेल्या वाटेने ट्रान्सफॉर्मरचा संथ, मारणारा प्रवाह तुमच्यापर्यंत येऊ शकतो.

‘आमच्या घरी ईएलसीबी आहे’

ईएलसीबी म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. आत किती गेले आणि बाहेर किती आले, एवढंच मोजतो. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी म्हणजे आतली वेगळी खोली. तिथला प्रवाह तुमच्यातून जाऊन तिथेच परत येतो, दारावरचा हिशेब बरोबरच राहतो. ईएलसीबी हवाच, पण प्रायमरीच्या बाजूच्या चुकांसाठी.

‘मारतो तो अँपिअर, व्होल्ट नव्हे’

अर्धं खरं. अँपिअर ढकलणारे व्होल्टच असतात. काही शे व्होल्टच्या पुढे कातडीचा अडसर मोडतो आणि आतला रोध हजारएक ओहमच उरतो. मग पुढे काय होईल हे मागचा पुरवठा किती देऊ शकतो आणि किती वेळ, यावर. कार्पेटचा पुरवठा क्षणाच्याही लहान अंशात संपतो. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमागे अख्खं वीजघर उभं असतं.

‘बंद केलं की झालं ना?’

कपॅसिटर असेल तर नाही. त्याच्या दोन टोकांवर कायमचा रेझिस्टर लावायचा, जो वीज बंद झाल्यावर त्याला हळूहळू रिकामा करतो. १० नॅनोफॅरड, १० किलोव्होल्टसाठी १०० मेगाओहम चालतो. पाच सेकंदांत एक टक्क्याहून कमी व्होल्टेज उरतं. इथे लोक ३.३ मेगाओहमचे दहा-बारा लावून मोकळे होतात आणि ते वरून ठिणगी मारून फुटतात. अर्ध्या वॉटच्या साध्या रेझिस्टरला साधारण ३५० व्होल्टपर्यंतच झेपतं, त्यामुळे ३.३ मेगाओहमचे तीस एका ओळीत लावावे लागतात. त्यानंतरही हात लावण्याआधी लांब प्लॅस्टिकच्या दांड्यावर बसवलेल्या, अर्थला जोडलेल्या तारेने टोकं जोडायची आणि जोडलेलीच ठेवायची. काही कपॅसिटर रिकामे केल्यावर थोड्या वेळाने आतल्या थरांत मुरलेल्या विजेने स्वतःच पुन्हा भरतात.

घरातल्या रबरी हातमोज्यांवर भिस्त नको. त्यांची कुणी व्होल्टेजची कसोटी घेतलेली नसते, आणि सुईएवढं भोक हजारो व्होल्टला पुरतं. स्विच दोन मीटर लांब, साधन चालू असताना जवळ कुणी नाही, हे हातमोज्यांपेक्षा बरं. पेसमेकर असलेल्या माणसाने छोट्या कॉइलच्याही खोलीत थांबू नये.

आवाज, वास आणि शेजारचा रेडिओ

साधन चालू आहे, ठिणगी नाही, पण ‘हिस्स’ आवाज येतो आणि तिखट वास: कुठेतरी टोक गळतं आहे. अंधारात पाहा, जांभळी झुपकेदार चमक दिसेल. बहुधा सोल्डरचा कोंब किंवा वायरचा सुटलेला एक तंतू असतो. वीज बंद करा, कपॅसिटर रिकामा करा, मग तिथे सोल्डरचा गोल थेंब करा, गळती थांबते आणि ठिणगी लांबते. साध्या हुकअप वायरचं इन्सुलेशन काही शे व्होल्टचं असतं. २० किलोव्होल्टला ते असून नसल्यासारखं, तिथे सिलिकॉनची हाय-व्होल्टेज वायर किंवा निव्वळ हवेचं अंतर.

तो वास ओझोनचा. कामाच्या जागी दिवसभरासाठी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही त्याची सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि बंद खोलीत अखंड ज्योत चालवली तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. ठिणगीत नायट्रोजनची ऑक्साइडंही बनतात. खिडकी उघडी, दोन-तीन मिनिटं चालवा, थांबा. जवळ पेट्रोल, थिनर, स्प्रेचे डबे नकोत. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलीज्यूल पुरतो, दाराच्या मुठीच्या चटक्याच्या विसावा हिस्सा. ठिणगी काचेच्या निर्वात नळ्यांना जोडू नका. निर्वात जागेत वीस-तीस किलोव्होल्टला क्ष-किरण निघू शकतात.

आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी फेकते. हाइनरिश हर्ट्‌झने १८८७ मध्ये रेडिओ लहरी पहिल्यांदा पकडल्या त्या ठिणगीतूनच. तुमची ९ व्होल्टची कॉइलसुद्धा खोलीतल्या रेडिओत गुरगुर करते. फोनचा टचस्क्रीन तिच्याजवळ नेला तर आपोआप बटणं दाबली जातात. व्हिडिओ काढायचा असेल तर फोन एक मीटर लांब स्टँडवर लावा आणि झूम करा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर हाताने कमी करून ठेवा, नाहीतर अंधाऱ्या खोलीत तो प्रकाश वाढवत नेतो आणि ठिणगीच्या बारीक फांद्या एका पांढऱ्या फटकाऱ्यात बुजून जातात.